दहा महिने मी ती भाकर घेतली नाही

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. उपदेश संपतो, एक गीत होतं आणि पाळकसाहेब मेजावरचं पांढरं कापड उचलतात. खाली भाकरीचं ताट असतं आणि द्राक्षरसाचा पेला. लोक रांगेनं पुढं जातात, गुडघे टेकतात, भाकरीचा तुकडा तळहातावर घेतात. मी मात्र दहा महिने ते कापड उचलायच्या आत उठून बाहेर जात होतो. देवळाच्या भिंतीला माझी मोटरसायकल लावलेली असायची, तिच्यावर बसून राहायचो. आतलं गाणं ऐकू यायचं. सगळं आटोपलं की बायको बाहेर यायची आणि आम्ही जुन्नरहून घराकडं निघायचो.

कारण साधं होतं. मनात भावाबद्दल राग असेल तर आधी त्याच्याशी मिटवावं आणि मगच त्या मेजापाशी यावं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. माझ्या मनात राग होता आणि तो माझ्या सख्ख्या थोरल्या भावाबद्दलच होता. तो पुढच्या बाकावर बसायचा, मंडळीचा पंच म्हणून. खोटेपणानं भाकर घ्यायची नाही एवढं मी पाळलं. मिटवणं मात्र त्याच्याकडं लागत होतं असं माझं म्हणणं होतं. आधी त्यानं आपला शब्द मागं घ्यावा, मग मी बघतो.

मी गाई घेतो आणि विकतो. सातवीनंतर शाळा सुटली. वडिलांची ऐपत एकाच मुलाला बोर्डिंगात ठेवण्याची होती आणि दादा हुशार आहे असं ठरलं. कुणी ठरवलं ते मला ठाऊक नाही, मला तरी कुणी विचारलं नाही. तो शिकला, मास्तर झाला, जुन्नरला घर केलं. मी एका व्यापाऱ्याच्या मागं दावी धरून बाजार हिंडलो, त्याच्या शिव्या खाल्ल्या, त्याची नजर शिकलो आणि एक रेडकू घेऊन सुरुवात केली. आज निरगुडसरच्या रस्त्याला माझी पत्र्याची शेड आहे आणि तिच्यात दहा-बारा गाई कायम उभ्या असतात. कुणाचं फुकट घेतलं नाही. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकावर असतो. समोरचा खोटं बोलतोय असं वाटलं तर ठरत आलेला सौदा मोडून मी चालता होतो. हे मला माझ्याबद्दल माहीत आहे. दुसऱ्यानं सांगायची गरज नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात शेडमध्ये चारा बारीक करायच्या कडबा कुट्टीच्या मशिनीत मक्याचं ओलं ताट अडकलं. मशीन चालू ठेवून मी ते हातानं आत रेटलं. असं मी शंभर वेळा केलं असेल. त्या वेळी उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

दादा नेमका तेव्हाच आला होता. सकाळी आमचं फोनवर भांडण झालं होतं. आईच्या कबरीवर दगड बसवायचा होता आणि मी दगडवाल्याशी महिनाभर भाव करत होतो. "आईच्या दगडाचा तरी बाजार करू नकोस," असं तो म्हणाला आणि मी त्याला नको ते बोललो. म्हणून दुपारी तो समजूत काढायला आला असावा. त्यानं बटण बंद केलं, टॉवेलात माझा हात गुंडाळला, मला मोटरसायकलवर मागं बसवलं आणि हायवेच्या गर्दीतून हॉर्न वाजवत मंचरच्या दवाखान्यात नेलं. माझं डोकं सगळा वेळ त्याच्या पाठीला टेकलेलं होतं. तिथपर्यंत माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही.

तक्रार त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारची आहे. आमच्याकडं उपासनेत साक्ष देतात, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगतात. दादा उभा राहिला. माझा हात अजून पट्टीत होता, मी तिसऱ्या रांगेत. तो म्हणाला, "माझ्या भावाच्या हातानं आयुष्यभर घासाघीस केली, ताणून धरलं, माणसं तोडली. देवानं त्या हाताला लगाम घातला. देवाचं प्रेम कधी कधी असं कडक असतं." आणि लोक आमेन म्हणाले. सगळे म्हणाले. बायकांच्या बाजूनं कुणीतरी चुकचुकलं. तो आमेन मी विसरलो नाही आणि तेव्हापासून पहिल्या रविवारी मी बाहेर.

त्या दहा महिन्यांत जे मिळत होतं ते मला दिसत नव्हतं असं नाही, पण मी ते हिशेबात धरत नव्हतो. बायको पहाटे सगळ्या गाईंच्या धारा काढायची, मग माझ्या शर्टाची बटणं लावायची. ती बटणं लावताना मी दोनदा तिच्यावर ओरडलो आणि एकदा जेवणाचं ताट भिरकावलं. तिनं ताट धुऊन पुन्हा वाढलं आणि म्हणाली, "आता डाव्या हातानं फेका, तेवढीच सवय व्हईल." त्यावर हसावं लागलं. डोंगराकडून मजुरीला आलेलं एक कुटुंब शेडच्या मागं राहत होतं. त्या नवरा-बायकोनं मला न विचारता कुट्टीचं मशीन गोणपाटानं झाकून टाकलं आणि कित्येक आठवडे सगळा चारा विळ्यानं कापला. मशिनीचा आवाज आला की मी पांढरा पडायचो, हे त्यांनी पाहिलं होतं. मी त्यांना काही म्हणालो नाही. उलट चारा जाड कापता म्हणून कुरकुर केली.

प्रार्थना मी करत होतो. पण ती कशी, ते आता लिहायला हरकत नाही. देवा, दादाला सगळ्यांसमोर माफी मागायला लाव, मी लगेच प्रभुभोजन घेतो. मग थोडं उतरलो: सगळ्यांसमोर नको, पाळकसाहेबांसमोर चालेल. देवाशीही माझा सौदाच चालला होता. समोरून उत्तर येत नव्हतं आणि मी थांबायला तयार होतो. बाजारात जो थांबू शकतो तो जिंकतो.

मग या वर्षी उन्हाच्या आधी मी पुन्हा गुरांच्या बाजाराला गेलो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या बाजारात शेवटचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा एकमेकांच्या हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. बाजूला दहा माणसं उभी असली तरी कुणाला कळत नाही. हाताला जे लागलं तो शब्द. तोंडानं दुरुस्ती करायची नसते. ज्याला हे पटत नाही त्यानं बाजारात येऊ नये.

मी एक गाभण गाय नेली होती. गिऱ्हाईक निरगुडसरच्या बाजूचा एक म्हातारा होता, पूर्वी मेंढरं घेऊन हिंडणारा, आता शेती आणि दोन-तीन गाई. सत्तर हजारापर्यंत उघड बोलणं झालं होतं, वर किती हजार तेवढं ठरायचं होतं. बोटाला एक हजार. आम्ही हात दिला, टॉवेल टाकला आणि मी सवयीनं उजव्या हाताची चार बोटं दाबली. चौऱ्याहत्तर. तिथून उतरत बहात्तरला द्यायची, असं मनात होतं.

दाबल्यावर माझ्या ध्यानात आलं की चार बोटं आता नाहीत. मला आतून चारही जाणवली होती, करंगळीचं टोकसुद्धा. पण म्हाताऱ्याच्या हाताला दोनच लागली असणार. माझे कान तापले. तोंडानं बोलायची सोय नव्हती आणि हातानं बोलायला बोटं नव्हती. इतकी वर्षं ज्या हातावर कमावलं तो मुका झाला, आणि तेही सगळ्यांच्या देखत, टॉवेलाखाली.

म्हाताऱ्याचा हात थांबला. त्याचा अंगठा माझ्या पहिल्या बोटावरून फिरला, मग दुसऱ्यावरून, आणि मग उरलेल्या दोन गाठींवर एकेक करून टेकला. घाई न करता. मग त्यानं टॉवेल काढला.

"चार," तो म्हणाला. "चौऱ्याहत्तर. झालं आपलं."

बाजूला एक दलाल उभा होता, तो हसला. "बाबा, दोनच बोटं हायेत त्याला. बहात्तर झालं तुमचं. गप घ्या की."

"त्यानं चार दाबली. मला लागली."

"हायेत कुठं लागायला?"

"हात माझ्या हातात व्हता का तुझ्या?"

मला काय झालं सांगता येत नाही. मी म्हणालो, "बाबा, बहात्तरच द्या. मी बहात्तरलाच देणार व्हतो."

"आता सांगतूस व्हय? शब्द झाला."

"गाय माझी हाय. माझ्या गाईचा भाव मी कमी करतोय."

"अन् मी करू देत न्हाई."

"बाबा, डोकं फिरवू नका माझं."

"फिरव की. माझं बी फिरतंय."

लोक जमा झाले. मी गाय स्वस्त देण्यासाठी ओरडत होतो आणि म्हातारा महाग घेण्यासाठी. मागून कुणीतरी म्हणालं, "राव, आज बाजार उलटा चाललाय. ह्या दोगांना आधी च्या पाजा." शेवटी त्र्याहत्तरला मिटलं, वर दावं आणि घंटा फुकट. विकताना भाव कमी मिळावा म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा घसा ताणला आणि तेही मला पुरतं जमलं नाही.

गाय टेम्पोत चढवल्यावर मी म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, असं का केलं तुमी? माझी तुमची वळख बी न्हाई."

तो तंबाखू मळत होता. म्हणाला, "आमच्या मेंढरांत एक व्हती, लांडग्यानं पाय तोडलेली. सांजच्याला मेंढरं मोजताना तिला काय पाऊण धरायची? एकच धरायची ना?" एवढं बोलून तो टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

मेंढपाळाच्या गोष्टी मी रविवारच्या शाळेपासून ऐकत आलोय. पाठ आहेत. त्यातला मेंढपाळ कोण आणि मेंढरू कोण, हे विचारलं असतं तर परीक्षेत पूर्ण गुण मिळवले असते. पण माझी कुणी अशी मोजणी करेल, आणि तो येशूचं नावही न घेणारा माणूस असेल, हे मला सुचलं नव्हतं. घरी येताना रिकाम्या पिकअपमध्ये मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट टोचत होती. म्हाताऱ्यानं माझ्याकडून आधी काही मागितलं नव्हतं. मी काही केल्यावर मग तो करणार, असं त्याचं नव्हतं. बटणं लावणाऱ्या बायकोचं नव्हतं, चारा कापणाऱ्या त्या नवरा-बायकोचं नव्हतं. आधी दुसऱ्यानं सरकावं असं म्हणत मोटरसायकलवर बसलेला त्या सगळ्यांत मी एकटाच.

तो आठवडा मी कुणाशी भांडलो नाही. बायकोला वाटलं मला ताप आहे.

शनिवारी मी जुन्नरला दादाच्या घरी गेलो. उद्या पहिला रविवार होता. मनात मोठेपणा होता असं कुणी समजू नये. भावाला माफ करायला गेलो होतो, पण जमलं तर त्याच्याकडून शब्द मागं घेऊनच यायचा बेत होता.

वहिनीनं दार उघडलं. "भावजी?" एवढंच म्हणाली आणि आत वळून जरा मोठ्यानं सांगितलं, "अहो, कोण आलंय बघा." दादा पेपर तपासत बसला होता. त्यानं चष्मा काढला, मला बसायला सांगितलं. आम्ही आधी पावसाबद्दल बोललो, मग कांद्याबद्दल. मग मी म्हणालो, "दादा, तू त्या दिवशी जे बोललास ते चुकीचं व्हतं असं कबूल कर."

"तू बदललास की नाही?" तो म्हणाला. "खरं सांग. पूर्वीचा तू आज इथं आला असतास?"

"बदललो आसंन. पण त्यासाठी देवानं माझी बोटं छाटली म्हणतोस? तुझ्या वर्गातलं पोरगं पाढा चुकलं तर तू बोट छाटतोस का त्याचं?"

तो पुढ्यातले पेपर एकावर एक लावू लागला.

"मशीन चालू ठेवून हात घातला तो मी. त्यात देवाला कशाला वढतोस? आन् वढायचंच तर पुढच्या गोष्टींत वढ. बायकोनं धारा काढल्या, मजुरांनी न विचारता चारा कापला, तू मला मंचरला न्हेलंस. ते देवानं केलं म्हण, मी आमेन म्हणतो. पण तू नेमकं मशीनच देवाच्या नावावर लावलंस."

आवाज चढला होता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दादानं लाल पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी सकाळी तुझा फोन ठेवल्यावर मी प्रार्थना केली होती."

"कसली?"

"याला एकदा धडा मिळू दे, म्हणून. रागात केली. मनापासून केली. आणि दुपारी तुझ्याकडं आलो तर..." त्यानं पेन पेपरांवर ठेवलं. "मोटरसायकलवर तुझं डोकं माझ्या पाठीवर होतं आणि मला वाटत होतं, हे मी केलं. मग मी स्वतःला सांगत राहिलो की नाही, हे देवाचं प्रेम आहे, यात काहीतरी चांगलं असणार. असलंच पाहिजे. सगळ्यांसमोर सांगितलं की खरं होईल असं वाटलं."

दहा महिने मी समजत होतो की तो पुढच्या बाकावर गुर्मीत बसलाय.

आता सौदा पुरता माझ्या हातात होता, हे मला कळत होतं. समोरचा एवढा उघडा पडला की व्यापारी काय करतो, ते मला कुणी शिकवायला नको. बायको घरी म्हणते तशी माझी जीभ सुटलीही असती. पण मी त्याच्या हातांकडं पाहिलं आणि ते हात मला ओळखीचे होते. लहानपणी ओढ्यात मला पोहायला शिकवताना पोटाखाली धरलेले.

"दादा," मी म्हणालो, "आठ वर्षं तू गावाजवळच्या शाळेत बदली व्हावी म्हणून प्रार्थना करतोयस. झाली का?"

"नाही."

"तुझ्या प्रार्थनेला एवढा जोर असता तर बदली आधी झाली असती. माझ्या बोटांपर्यंत पोचतीय कुठं ती?"

दारातून वहिनी हसली. मग तोंडाला पदर लावून रडली. दादा हसला का रडला ते मला नीट सांगता येणार नाही, दोन्ही चाललं होतं. डोळे पुसून त्यानं विचारलं, "मंडळीत उभा राहून सांगू का उद्या?" इतके महिने मला जे हवं होतं ते त्यानं न मागता पुढं ठेवलं होतं. मी म्हणालो, "नको. लोक परत आमेन म्हणायचे."

चहा झाला. चहा पिताना त्यानं सांगितलं की आईच्या कबरीवर दगड बसवलाय, पावसाळ्यानंतर, आणि त्यावर आम्हा दोघांची नावं घातलीत. केवढ्याला पडला ते मी विचारलं. त्यानं बरेच जास्त दिले होते. हे मी त्याला सांगितलं नाही. याला माझी आत्मिक वाढ म्हणावं, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेवर देवळात पोचलो. उपदेश झाला, गीत सुरू झालं. माझ्या शेजारी बाकाच्या कडेला एक आजीबाई बसतात. गीताचं शेवटचं कडवं आलं तसे त्यांनी न बघताच गुडघे बाजूला वळवले आणि चपला पायानं बाकाखाली सारल्या, मला बाहेर जायला वाट व्हावी म्हणून. दर महिन्याला त्या असंच करत आल्या असणार. माझ्या ते कधी लक्षातही आलं नव्हतं.

"राहू द्या, आजी," मी म्हणालो. "मी बसणारंय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बरं वाटतंय ना?"

"व्हय."

"मग पुढं निघा आधी. माझे गुडघे दुखतात, मला रांगेत मागंच बरं."

मी पुढं गेलो. दादा पंचांच्या जागेवरून उठला आणि माझ्या शेजारी येऊन गुडघे टेकले. पाळकसाहेबांनी आधी त्याला दिली, मग मला. भाकर कालचीच असावी, जरा वातड होती. मी ती सावकाश चावली आणि इतके दिवस बाहेर बसून राहिल्याबद्दल क्षमा मागितली. मग आभार मानायला लागलो. बायकोपासून सुरुवात केली. चारा कापणाऱ्या दोघांपर्यंत आलो, म्हाताऱ्यापर्यंत आलो, आणि यादी संपेना. पाळकसाहेबांना माझ्या खांद्याला हात लावून मला उठवावं लागलं, कारण मागं रांग खोळंबली होती.

दुपारी आम्ही दादाकडं जेवलो. वहिनीनं मटण केलं होतं आणि रस्सा तिखट झाला होता. मी तसं स्पष्ट सांगितलं. बायकोनं टेबलाखालून मला पाय मारला, आणि दादा म्हणाला की मटणवाल्याकडून पुढच्या वेळी मीच आणावं, तो फार लावतो. मी लगेच हो म्हणालो.